शिंपीमास्तरांचा उजवा पाय

भिंगरी हे नाव तिला वस्तीनेच ठेवलं होतं आणि ते शोभायचंही. घरोघरी जाऊन दुखणाईतांचं पाहणारी ही सिस्टर एका जागी टिकेल तर शपथ. एका घरात पट्टी बदलताना तिचा जीव पुढच्या घरातल्या इंजेक्शनपाशी. जेवणही ओट्यापाशी उभ्यानेच. "आई, खुर्चीला काटे नाहीत गं," असं लेक म्हणेपर्यंत ही ताट विसळून मोकळी!

त्या आठवड्यात तर तिचं चित्त मुळीच थाऱ्यावर नव्हतं. शिंपीमास्तरांना जुना मधुमेह, त्यात उजव्या तळपायाला जखम. किती महिने ती पट्ट्या करत होती, पण जखम भरायचं नाव घेत नव्हती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "शुक्रवारी पाहतो. अशीच असेल तर पाय काढावा लागेल."

त्यातच परदेशातून नर्सिंगच्या मुली शिकायला आल्या आणि त्यातली एक, मराठी घरातली, तिच्या गळ्यात पडली. या पाहुणीच्या कॉलेजने अजब काम दिलं होतं. रुग्णाच्या घरी तासभर नुसतं बसायचं. कशाला हात लावायचा नाही, काही सुचवायचं नाही, फक्त पाहायचं.

"याचा पगार मिळत असेल तर मीही बसते," सिस्टर म्हणाली.

"तुम्हाला नाही जमायचं, मावशी."

मास्तरांची पट्टी झाली. "पाय टेकवत नाही ना?" सिस्टरने विचारलं.

"छे! दिवसभर स्टुलावर असतो."

कोपऱ्यात शिलाई मशीन चादर पांघरून होतं. पाहुणीला तिथेच बसवून सिस्टर निघाली, पण कुठेच मन लागेना. पट्टी आवळली जाते का? आपल्याच हाताला काही झालंय का? एका आजीबाईंचा रक्तदाब मोजून झाला तरी आकडा आठवेना, पुन्हा मोजावा लागला.

पाहुणीला न्यायला ती परत आली, तर पोरगी गल्लीच्या तोंडाशीच उभी.

"मावशी, स्कूटर इथेच ठेवा. तिचा आवाज त्यांना लांबून कळतो."

सिस्टर पायीच गेली, पाहुणी मागोमाग. जिन्यातच खडखड ऐकू आली. दार ढकललं, तर चादर जमिनीवर आणि मास्तरांचा पट्टीचा पाय मशीनच्या पायडलवर!

"मास्तर!"

मशीन थांबलं. मास्तरांनी पाहुणीकडे डोळे वटारले. "बोलू नकोस म्हटलं होतं ना?"

"ती कुठे बोलली? माझी स्कूटरच इतके दिवस चहाडी करत होती. पायापेक्षा पॅन्ट मोठी झाली का तुम्हाला?"

"सिस्टर, हे बंद पडलं की घर खायला उठतं. दुसरा आवाजच नाही इथे. तुम्ही येता, पट्टी करता, पळता. सांगू कुणाला?"

पुढे दोन घरं वाट पाहत होती. बॅग खांद्यावर होती. सिस्टरने ती खाली ठेवली आणि खुर्ची ओढून चक्क बसली.

"उजवा स्टुलावर ठेवा. डाव्या पायाने चालवा."

"सगळा जन्म उजव्यावर गेला माझा!"

"मग आता डाव्याची पाळी."

चाक उलटं फिरलं. दोरा तुटला. मास्तरांनी मशीनला एक कडक शिवी हासडली. सिस्टरची टाच जमिनीवर टकटक वाजत होती. दोरा ओवायला तिचा हात पुढे झाला.

"मावशी, हात," पाहुणी पुटपुटली.

सिस्टरने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

शुक्रवारी डॉक्टरांनी जखम वाकून वाकून पाहिली. "ओल जरा कमी दिसते. पंधरा दिवस थांबू. पण पाय टेकवलात तर मी थांबणार नाही."

दुसऱ्या दिवशी सिस्टरने स्कूटर मुद्दाम गल्लीच्या तोंडाशी लावली. जिन्यात उभी राहून कान दिला. दोन टाके, खंड, शिवी, पुन्हा दोन टाके.

डावाच पाय होता. तिने पायरीवर बसकण मारली. शिवण पुरी होईपर्यंत तिला आत जायचं नव्हतं.