पप्पांच्या कोटाचा खिसा

मुलाच्या लग्नपत्रिकेवर ‘पुरुषांनी कोट घालावा’ असं छापलंय, म्हणून आज कपाट उघडलं. डांबरगोळ्यांचा वास आला आणि पप्पांचा काळा कोट आठवला.

मालवणजवळच्या आमच्या वाडीत तेवढा एकच कोट होता. चर्चमध्ये लग्न कुणाचंही असो, नवरा तोच कोट घालायचा. परत देताना खिशात दोसाचा, म्हणजे चणाडाळ-खोबऱ्याच्या वडीचा, एक तुकडा ठेवायचा, अशी रीत होती. पप्पा तो तिथंच उभ्या उभ्या खायचे.

माझ्या लग्नात कोट मी घातला आणि पप्पा नुसत्या पांढऱ्या शर्टात उभे राहिले. “तुका बरो दिसता रे,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी कोट खुंटीला अडकवून टाकला. घरचाच तर होता! संध्याकाळी पाहिलं, तर पप्पा त्याचे खिसे चाचपत होते.

“काय सोदतास, पप्पा?”

“काय नाय रे.”

आता माझ्याकडे दोन कोट आहेत. निळा घालू की राखाडी, ठरत नाही. काळा तेवढा नाही. पप्पांना आम्ही त्याच कोटात पुरलं, आणि तेव्हाही खिशात काही ठेवायचं मला सुचलं नाही.