मिटत आलेले डोळे
फरशीच्या दुकानात संगमरवर कापताना चुन्यासारखा ओला वास आला, की मला सीमाभागातल्या टिळकवाडीतलं आमचं मराठी वाचनालय आठवतं. तिथं बसवायचा दिवंगत कवीचा संगमरवरी अर्धपुतळा बघून मी, समितीचा चिटणीस, शिल्पकाराला म्हणालो, "हे मिटत आलेले डोळे कानडी देवळातल्या मूर्तीचे वाटतात. आपला कवी मराठी. उघडा ते." "त्या मूर्ती बघूनच शिकलोय सर," एवढंच बोलून त्यानं छिन्नी उचलली. अनावरणाला कवीची बायको पुतळ्यापुढं थबकली. "कविता म्हणताना ह्यांचं डोळं मिटत यायचं. तू ते उघडं का केलंस रं?" शिल्पकारानं माझ्याकडं पाहिलं. मी हाराच्या ताटाकडं वळलो. "चुकलं माझं, आक्का," तो म्हणाला. मी हार पुढं केला. आजही वाचनालयात मी त्या डोळ्यांकडं पाठ करूनच बसतो.