हमीच्या कागदाखाली

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो एका ओळीमुळे.

पेणला ज्या छापखान्यात बाबांची पत्रकं छापली जात, तो बंद पडला. जवळपास उरलं एक डीटीपीचं दुकान. बाबा तिथे खारेपाटातल्या बांधाचं पत्रक घेऊन गेले, मीही सोबत होते. दुकानदाराने मजकूर शेवटपर्यंत वाचला, आमच्यासाठी चहा सांगितला आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "काका, एवढी ओळ काढा. बाकीचं आत्ता लावून देतो."

ती ओळ होती: 'दुरुस्त केलेला बांध चार माणसांसमोर उकरून दाखवा.'

खाडीचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून खाडीकाठच्या गावांभोवती मातीचे बांध असतात. आदल्या पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला असा एक बांध फुटला आणि गावाची शेतं खारट झाली. मग दुरुस्ती झाली. मातीच्या आत दगडाचं पिचिंग, म्हणजे रचून बसवलेला थर, भरलंय, असं ठेकेदार सांगत होता. वरवर चिखल थापलाय, असं गाव सांगत होतं. पावसाळी उधाणं यायच्या आत गावात सभा होती आणि ठेकेदारही तिथे येणार होता. पत्रक त्या सभेत लोकांच्या हातात असायला हवं होतं. नुसत्या बोलण्याला 'कुणी सांगितलं तुम्हाला?' एवढं उत्तर पुरतं, छापलेल्या मागणीला पुरत नाही, असं बाबांचं म्हणणं होतं.

पण ठेकेदाराची पावतीपुस्तकं आणि कॅलेंडरं त्याच दुकानात छापली जात. बाबा चहा न पिताच उठले. मी मात्र प्यायले. दुकानदार माणूस वाईट नव्हता आणि चहा चांगला होता.

मी पत्रकांवरच वाढले. घरात पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. 'क्क' हे जोडाक्षर मला 'धिक्कार' या शब्दामुळे आलं, हे आई पाहुण्यांना हसत सांगायची. त्या गठ्ठ्यांजवळ हाताने फिरवायचं एक सायक्लोस्टाइल यंत्रही होतं. एक स्टेन्सिल कापली की त्यावर हव्या तेवढ्या प्रती निघत. पूर्वी बाबा स्टेन्सिल हाताने कोरायचे, आता त्यांच्या बोटांना कंप सुटला होता. माझं अक्षर तर असं, की दुसऱ्या दिवशी मलाच लागायचं नाही.

मार्ग काढला आतेभावाने, माझ्या दादाने. तो रोह्याला एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंटच्या खात्यात होता. मीटर, व्हॉल्व्ह, पंखे, काहीही उघडून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. वर्षभर तो मुंबईहून एकेक सुटा भाग आणून कॉम्प्युटर जमवत होता. कॅबिनेट एका दुकानातलं, मदरबोर्ड दुसऱ्या, मॉनिटर कुणीतरी वापरून टाकलेला. सगळ्यात शेवटी दिवाळीच्या बोनसमधून त्याने प्रोसेसर घेतला. रोह्याच्या खोलीत त्याच्यासोबत तीन शिफ्टमधली माणसं झोपायची, तिथे हे ठेवणार कुठे? त्याने सगळं खोक्यांत भरून गाडीने पेणला आणलं आणि हमरापूरच्या एका गणपतीच्या कारखान्यातून मागून आणलेल्या फळीवर मांडलं. फळीवर मूर्तींच्या रंगाचे ओघळ होते.

"डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची रिबन काढायची आणि स्टेन्सिल घालायची," तो म्हणाला. "पिना स्टेन्सिलच्या मेणात अक्षरं कोरतात. मग फिरवा मामांचं यंत्र."

हे ऐकून बाबांचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळला.

मी टाइप करायला बसले. अर्धं पान झालं आणि पडदा थिजला. कर्सर हलेना, कळ दाबली की पीं असा आवाज. बंद करून पुन्हा सुरू केलं तर दोन मिनिटांत पुन्हा तेच. तासाभराने लावलं तर बराच वेळ चाललं आणि पुन्हा थिजलं.

"व्हायरस असंल," बाबा म्हणाले. त्यांनी हा शब्द वर्तमानपत्रात वाचला होता.

"मामा, याला अजून कुणाची फ्लॉपी पन लागली नाय. व्हायरस काय हवेतून येतो?"

"मग काय झालंय?"

"ते बगूया ना."

'बगूया ना' म्हणताना दादाला आनंद होतो, हे मला तेव्हा नव्याने कळलं. मला राग आला होता. माझ्या लेखी यंत्र बिघडलं म्हणजे कुणीतरी फसवलं होतं, आणि फसवणाऱ्याविरुद्ध काय लिहायचं हे माझ्या डोक्यात तयारही झालं होतं. पण दादा एकेक शंका घेऊन ती तपासत बसला आणि त्याच्याजवळ बसता बसता माझा राग कुठेतरी मागे पडला. मलाही उत्तर हवंसं वाटू लागलं.

पहिला संशय विजेवर. दुपारी आमच्याकडे बल्ब पिवळा व्हायचा. दादाने सकाळी, वीज चांगली असताना लावून पाहिलं. थिजला. दुसरा संशय मेमरीवर. ती काढून, पुसून, दुसऱ्या खाचेत बसवली. थिजला. मग धूळ. आमच्या शेजारी मूर्तींचा कारखाना, मे महिन्यात तिथे दिवसभर मूर्ती घासायचं काम चाले आणि आमच्या भांड्यांवरही पांढरी पूड बसे. कॅबिनेट उघडलं तर आत खरोखरच पिठाची गिरणी. मला वाटलं, सापडलं! आम्ही रंगाचा ब्रश घेऊन पंखा, पट्ट्या, कानेकोपरे झाडले.

थिजला.

मग मीच म्हटलं, "तासाभराने लावला की जास्त वेळ चालतो. म्हणजे तो दमतो."

"दमत नाय गो, तापतो," दादा म्हणाला आणि आईचा टेबलफॅन उचलून आणला. कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून त्यावर वारा सोडला. मशीन दुप्पट वेळ चाललं, मग थिजलं. आम्ही दोघंही ओरडलो. बिघडलेल्या यंत्रापुढे आनंदाने ओरडणारी माणसं पाहून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"झाला काय दुरुस्त?"

"नाय मामी. पन कशाने बिघडतो ते कळलं."

"मग माझा पंखा द्या इकडं. मी बी तापलेय."

प्रोसेसर म्हणजे बिस्किटाएवढा चौकोन. त्याच्यावर ॲल्युमिनियमची ठोकळी बसवलेली असते, तिला पुष्कळ पाती असतात, पात्यांवर छोटा पंखा. चौकोनात उष्णता होते, ती ठोकळीत चढते, पंखा ती उडवून लावतो. दादाने हे मला कागदावर काढून दाखवलं. पंखा तर जोरात फिरत होता. मग तापतं कसं?

पुढच्या वेळी पडदा थिजताच मी वीज बंद केली आणि पात्यांना बोट लावलं. भाजेल म्हणून हात आखडून धरला होता. पाती कोमट होती. नीट सांगायचं तर जेमतेम कोमट.

"दादा, हे तापलेलंच नाही."

त्यानेही बोट लावलं. वारा घातला की मशीन जास्त चालतं, म्हणजे ते तापतं. ज्याने तापायचं ते मात्र गार. दोन्ही गोष्टी आम्ही स्वतः तपासलेल्या होत्या. एक खरी मानली की दुसरी खोटी पडत होती, आणि दोन्ही खऱ्या होत्या. इतकं चक्रावून टाकणारं आणि इतकं मजेदार काही मी आजवर पत्रकात वाचलं नव्हतं. पत्रकात सगळं आधीच ठरलेलं असतं.

आईने चहा आणला. पातेलं तिने बाबांच्या जुन्या पत्रकाची चौपदरी घडी करून धरलं होतं. बाबांना ते आवडत नसे आणि तिला तेवढा जाड दुसरा कागद घरात मिळत नसे.

"कशाला आमच्या आंदोलनाने पातेली धरतेस?" बाबा.

"धिक्कार गरम लागत नाय हाताला," आई म्हणाली आणि चहा ओतू लागली.

मी तिच्या हाताकडे पाहत होते. पातेलं उकळतंय, हात गार आहे. मधे कागद.

"दादा, प्रोसेसर आणला तेव्हा त्याच्या डोक्यावर एक स्टिकर होतं ना?"

दादाने बशी खाली ठेवली. प्रोसेसर विकणाऱ्या दुकानदाराच्या शिक्क्याचं चौकोनी स्टिकर आम्ही दोघांनीही पाहिलं होतं: 'हे सील काढल्यास वॉरंटी रद्द.' त्याच्यावरच आम्ही ठोकळी बसवली होती. ते काढायचं असतं असा विचार कुणाच्या मनातही आला नव्हता. दादाच्या कंपनीत सील म्हणजे सील, तोडलं की मेमो. आणि मी, छापलेलं काही दिसलं की आधी वाचणार आणि मग मानणार.

ठोकळी उतरवली. कागद भाकरीसारखा तपकिरी झाला होता आणि कडेने उचलला गेला होता.

"काढ," मी म्हटलं.

"थांब गो. काढला आनि मग जळला तर? दुसरा बोनस दिवाळीला हाय."

ते खरं होतं. प्रोसेसर माझा नव्हता. आम्ही नाक्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो. प्रोसेसरचा मुंबईचा दुकानदार फोनवर हिंदीत बोलला.

"स्टिकर निकाला तो वॉरंटी गया, मॅडम."

"और नहीं निकाला तो?"

"तो चलाइए, जितना चलता है. बडा पंखा लगाइए."

"लेकिन गरमी पंखे तक पहुँचती ही नहीं!"

"सब लोग पंखा ही लगाते हैं, मॅडम," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

परत येताना मी रस्ताभर दादाला सुनावत होते. आपण ठेकेदाराला सांगतो बांध उकरून दाखव, आणि आपल्याच मशीनवरचा कागद उचलायला घाबरतो. दादाने ऐकून घेतलं.

"तुला भाषण करायला काय जातंय? बोनस माझा हाय," तो म्हणाला. थोडं चालून गेल्यावर मात्र म्हणाला, "पन खाली काय हाय ते बगायचंय मला बी."

त्याने सेफ्टी रेझरचं पातं घेऊन स्टिकर सोललं, उरलेला गोंद कापसाने पुसला. खाली चकचकीत धातू निघाला. आता ठोकळी आणि धातू यांच्यात हवा राहू नये म्हणून एक पांढरी पेस्ट लावायची असते, ती त्याच्या कंपनीत होती.

"उद्या शिफ्टवरनं इकडं येताना आणतो थोडी."

"विचारून आण."

"डाळीएवढी पेस्ट, बाय! कुणाला कळनार बी नाय."

"कळणार नाही म्हणूनच विचार."

तो कपाळावर हात मारून गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत पेस्ट घेऊन आला. "फोरमनला विचारलं. सगळं खातं हसलं माज्यावर. म्हनाले, डाळ मागायला आला भिकारी."

पेस्ट पसरली, ठोकळी बसवली, बटण दाबलं. मी टाइप करत राहिले. अर्धं पान, एक पान, दुसरं पान. दादा कॅबिनेटपाशी उकिडवा बसून होता. मधेच त्याने पात्यांना बोट लावलं आणि "आई गं!" करून झटकलं.

"भाजलं?"

"भाजलं!" तो खुशीत ओरडला. "लाव, तू बी लाव!"

मीही लावलं, बाबांनीही लावलं. आता उष्णता जिथे यायला हवी तिथे आली होती. पत्रक पूर्ण झालं. रिबन काढलेला प्रिंटर करकरत स्टेन्सिल कोरू लागला आणि ती ओळ जशीच्या तशी उमटली. प्रती काढताना यंत्राचा दांडा बाबांनी कुणालाही फिरवू दिला नाही.

सभेच्या दिवशी दादा सुट्टी टाकून आला. आम्ही पत्रकं वाटली. गावात मिठागरात काम करणारी माणसं जास्त, त्यांच्या शाळकरी पोरांनी घोळक्याघोळक्याने मोठ्याने वाचून दाखवलं. ठेकेदाराने खिशातून चष्मा काढला, पत्रक वाचलं आणि उभा राहिला.

"उकरायला हरकत नाय माझी. पन उकरल्यावर बांध कमजोर झाला तर माझी जबाबदारी नाय."

दादा माझ्या कानाशी कुजबुजला, "स्टिकर निकाला तो वॉरंटी गया."

सभेत कुजबुज सुरू झाली. उधाणं तोंडावर, भरलेला बांध कोण उकरणार? ओळ आमची होती, शेतं त्यांची. मग डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई मागून म्हणाली, "उकरा रे. मातीच हाय, परत भरू. आत काय हाय ते तरी कळूंदे."

सगळे बांधावर गेले. ठेकेदार पुढे चालत होता. रस्ता जिथे बांधाला मिळतो, तिथे तो थांबला आणि म्हणाला, "इथं उकरा." एकाने फावडं मारलं. ठण्ण आवाज आला. माती सारली तर खाली दगड, नीट रचलेले. ठेकेदाराने हात पसरून सगळ्यांकडे पाहिलं. बाबा हातातल्या पत्रकातली ती ओळ पुन्हा वाचू लागले. आम्ही चुकलो होतो का?

मी त्या दगडांकडे पाहिलं, मग मागे वळून रस्त्याकडे. चिखलात जीपच्या चाकांच्या जुन्या खुणा होत्या. जीप येते ती इथपर्यंतच. तपासणीला आलेले साहेब उतरतात ते इथेच.

"अजून पुढे जाऊया," मी म्हटलं.

"कशाला आता? बगितलं ना?" ठेकेदार म्हणाला.

पण फावडंवाला पुढे निघाला होता. त्याच्यामागे पाटीवाली, मग पोरं, मग सगळं गाव. ठेकेदार त्या पहिल्या खड्ड्यापाशीच उभा राहिला. पुढे, बांध खाडीकडे वळतो तिथे फावडं पुन्हा पडलं. सगळे कान देऊन उभे होते. आवाज आला नाही. फावडं दांड्यापर्यंत आत गेलं.