बावीस फेऱ्यांची झोप

पहाटे साडेचारला आमच्या कॉलनीच्या पंपघरात सावरगावची एक बाई येते आणि गुलाब रेवतकर आतून कडी लावून घेतो, अशी बातमी गेल्या मार्चमध्ये आमच्याकडे फिरत होती. तीन घरांत ती मीच पोचवली होती, तेव्हा ती खोटी होती हेही मलाच सांगावं लागेल. एका पहाटे मुद्दाम उठून मी पंपघराच्या खिडकीच्या फटीतून पाहिलं. आत बाई नव्हती. खाटेवर गुलाब एकटा उताणा पडला होता. हात सरळ, पाय सरळ, बोटसुद्धा हलत नव्हतं. गालावर डास बसला, चांगला पोटभर प्यायला, उडून गेला, तरी पठ्ठ्यानं तो मारला नाही.

मी हे त्याच्या बायकोला, करुणावहिनीला, सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बाई असती तं बरं झालं असतं, भाऊजी. तिच्याशी तरी चार शब्द बोलला असता."

गुलाब बोलत नाही हे खरंच आहे. वय एक्कावन्न, गाव बोरगाव, सौंसरजवळचं. दिवसा जळालेल्या मोटरींची वाइंडिंग भरून देतो आणि एकोणीस वर्षांपासून आमच्या कॉलनीचं पाणी सोडतो. पांढुर्ण्यात संत्रा मंडीच्या मागं आमच्या दोन ओळी आहेत. वरच्या ओळीत सोळा घरं, खालच्या ओळीत चौदा, त्यातलं एक माझं. स्वतःची बोअर, स्वतःची टाकी, स्वतःची समिती आणि भांडणंही स्वतःचीच. उन्हाळ्यात पाणी तिसऱ्या दिवशी. साडेचारला वरच्या ओळीचा वॉल्व्ह उघडायचा, साडेपाचला तो बंद करून खालच्या ओळीचा उघडायचा. बस, एवढंच काम. पण या कामाची हातभर लांब लोखंडी चावी ज्याच्याजवळ, तीस घरांच्या शिव्या त्याला आणि तीस घरांच्या बादल्याही त्याच्याच हातात. गुलाबला कोणी "पाणी कवा सोडता?" विचारलं की तो आभाळाकडं पाहतो, विचारणाऱ्याकडं नाही.

आता झालं असं, की कुठल्याशा मास्तरचा हिंदी व्हिडिओ त्याच्या मोबाइलवर आला. त्यात सांगितलं होतं, की माणसाला जागेपणातूनच, शुद्ध न हरवता, थेट स्वप्नात शिरता येतं. शरीर झोपतं, आपण जागे राहतो. आणि ज्याची चार-पाच तास झोप होऊन पहाटे मोडते आणि जो परत आडवा होतो, त्याला हे लवकर जमतं. गुलाबनं तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. का, ते त्यानं मला एकदाच सांगितलं.

"एकोनीस वर्सं झाले चार वाजता उठून राहिलो. त्याचा काई फायदा असते, हे सांगनारा हा पयला मानूस."

तेव्हापासून वॉल्व्ह उघडला की पंपघराची कडी लावून खाटेवर पडायचं, हा त्याचा नेम झाला. पहिले पंधरा दिवस नुसती खाज. नाक खाजायचं, टाच खाजायची, थुंकी गिळावीशी वाटायची, आणि गिळली की सगळं पहिल्यापासून. एकदा अंगात मोटर चालू झाल्यासारखं घुमायला लागलं, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटलं, हात उचलता येईना. घाबरून ओरडायला गेला तर आवाज निघेना. त्या दिवशी तो घामानं ओला होऊन बाहेर आला आणि समोर मी दिसलो म्हणून मलाच खेकसला, "काय पाहून राहिला बे?"

मास्तर म्हणायचा, मनातल्या मनात आकडे मोजा. गुलाबला नुसते आकडे जमेनात. मग त्यानं आपली रीत काढली. आमचा वॉल्व्ह पूर्ण फिरायला बावीस फेऱ्या लागतात. डोळे मिटून तो मनात वॉल्व्ह फिरवू लागला. एक फेरी, दोन फेऱ्या, बावीस झाल्या की पुन्हा पहिली. एप्रिलमध्ये एका पहाटे, चौथ्या खेपेच्या नवव्या फेरीला चावी हाताला गार लागली. खरीखुरी गार. पापण्यांमागचा अंधार उजळला, आणि गुलाब रेवतकर, शुद्ध जागेवर असताना, आत पोचला.

मी विचारलं, "मंग? काय केलं?"

"टाकीवर जाऊन बसलो."

"उडत गेले का?"

"शिडी हाय ना."

"अन् मंग?"

"खाली तू हंडा घेऊन उभा होता. लय हात जोडले तुनं. पानी नाई देल्लं मी."

असा हा माणूस. आख्खं स्वप्न हाती लागलं, त्यात यानं काय केलं तर माझा हंडा कोरडा ठेवला.

त्याच मास्तरनं एक खूणही सांगितली होती. आपण जागे आहोत की स्वप्नात, हे कळायला नाक चिमटीत धरून श्वास घ्यायचा. श्वास आला तर स्वप्न, कोंडला तर जागे. दिवसभरात दहा वेळा करा, म्हणजे सवय लागून स्वप्नातही हात आपसूक नाकाकडं जाईल. गुलाब ते इमानदारीनं करू लागला. कुठं करू लागला, तर आमच्या दारात. माझी बायको उर्मिला त्याला विचारायला गेली, की उद्या पाणी किती वेळ सोडणार. तिचं तोंड उघडलं आणि यानं तिच्यासमोर नाक दाबलं.

"आमच्या घराचा वास येऊन राहिला का तुमाले?"

"नाई बाई. मी झोपेत हावो का जागा हावो, हे पाहून राहिलो."

"म्हंजे मले पाहून तुमाले झोप येऊन राहिली?"

पुढचं मी लिहीत नाही. पण दोन दिवसांत कळलं, की त्यानं वरच्या ओळीतल्या अनिल ढोबळ्यासमोर, त्याच्या आजारी सासूसमोर आणि हळदीकुंकवाच्या ताटासमोरही नाक दाबलं होतं. खालच्या ओळीच्या बायका उर्मिलाला पुढं करून समितीचे अध्यक्ष यशवंतराव यांच्या घरी गेल्या. यशवंतराव पंचायतीतून सेवानिवृत्त. त्यांना ठराव केल्याशिवाय जेवण जात नाही. त्यांनी ठराव केला, की वॉल्व्ह सोडणाऱ्यानं रहिवाशांसमोर नाकाला हात लावू नये, नाहीतर चावी काढून घेण्यात येईल.

चावी गेली की पंपघर गेलं, खाट गेली, साडेचार ते साडेपाचचा तो एकांत गेला. हे गुलाबला कळत होतं. पण हट्टी माणूस. म्हणाला, "समोर नाई ना लावायचा? मंग आता कुठीच लावत नाई. शिंक आली तरी नाई." आणि त्यानं ती सवयच सोडून दिली. एकांतातसुद्धा. बायका खूश झाल्या. मीही उर्मिलाला म्हणालो, चला, तुमची जीत झाली.

ही जीत सोळा मेला कळली.

त्या पहाटे गुलाबनं वरच्या ओळीचा वॉल्व्ह उघडला, पडला, बावीस फेऱ्या मोजत आत गेला. साडेपाचला मोबाइलचा गजर झाला. त्याच्या हातानं तो बंद केला, एवढं खरं. त्यानंतर तो उठला, चप्पल घातली, चावी लावली, बावीस फेऱ्या उलट्या फिरवून वरचा वॉल्व्ह बंद केला, खालचा उघडला, परत येऊन निवांत पडला. त्याच्या म्हणण्याप्रमाणं चावी हाताला गार लागली होती, वरच्या पाइपातला पाण्याचा आवाजही थांबला होता. आणि हे सगळं स्वप्नात. नाक दाबून पाहिलं असतं तर क्षणात कळलं असतं. पण नाकाला हात लावायचा नाही, असा आमचा ठराव होता.

टाकी संपेपर्यंत, म्हणजे सातपर्यंत, वरच्या ओळीला अडीच तास पाणी गेलं. त्यांच्यापैकी एकानंही कळवलं नाही, की बाबा, आज जरा जास्त येऊन राहिलं. कूलर भरले, गाड्या धुतल्या आणि पुन्हा झोपले. अनिल ढोबळ्यानं वर्षाचा गहू अंगणात ताडपत्रीवर वाळायला घातला होता आणि नळाची नळी आवारात मोकळी सोडून तो झोपला होता. आठला उठला तेव्हा गहू तरंगत होता. टाकी रिकामी, बोअरनं दम टाकलेला, आणि खालची चौदा घरं मेच्या उन्हात कोरड्या बादल्या घेऊन पंपघरासमोर. उर्मिला सगळ्यांत पुढं. कडी वाजली तेव्हा आतून गुलाब डोळे चोळत आला आणि म्हणाला, "सोडलं ना पानी!"

त्याला मारलं नाही हे विशेष. हात उचलणारे दोघं होते, एक मी.

संध्याकाळी यशवंतरावांच्या गच्चीवर बैठक. टेबलावर ती लोखंडी चावी. अनिल म्हणाला, "माह्या चार पोते गहू गेला. हा मानूस ड्यूटीवर सपने पाहून राहिला, अन् आपन खपवून घेऊन राहिलो." उर्मिला म्हणाली, "चावी घ्या त्यायच्यापासून, आत्ताच्या आत्ता." करुणावहिनी भिंतीला टेकून उभी होती. तिनं एकच म्हटलं, "घ्या ना. निदान पहाटे घरी झोपंल."

यशवंतरावांनी चावी आपल्याकडं ओढली आणि विचारलं, "बरं. आता पाण्याच्या दिवशी चारला कोण उठंल?"

अनिलनं पाठीचं दुखणं काढलं. कोणाची शुगर निघाली. कोणाला नागपूरची पहिली बस पकडायची होती. मला उर्मिलानं कोपरानं ढोसलं, तर मी खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करू लागलो. गुलाब सगळ्यांचे चेहरे एकेक करून पाहत होता, जन्मात पहिल्यांदा.

शेवटी यशवंतरावांनी चावी परत त्याच्यासमोर सरकवली आणि एक कागद पुढं केला. "ठीक आहे, गुलाबराव. चावी तुमच्याकडंच. पण लिहून द्या, की वॉल्व्ह उघडल्यावर बंद करेपर्यंत झोपणार नाही, आणि तुमचा तो स्वप्नांचा धंदा आजपासून बंद. सही करा."

गुलाबनं चावी उचलली. कागद उलटा करून ठेवला. म्हणाला,

"लिहून काई देत नाई. झोपनंही सोडत नाई. साडेपाचले तुमच्यातला एक जन येऊन मले उठवत जा. कोनत्या दिवशी कोनाची पाळी, थे तुमीच ठरवा."