चुन्यावर ढकललेला दोष

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला सांगावं तर लग्नच केलं नाही, आणि देवापुढे बसलं की जीभ उचलत नाही. तुम्हाला सांगते — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. अहेरीकडच्या एका गावात मी नर्स होते. डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे. बाकी दिवस मी, दोन खोल्यांचा दवाखाना आणि भोवती सागाचं जंगल. बोलायला माणूस नव्हतं, तरी तोरा केवढा! चार बुकं शिकले होते ना.

सायत्रा पहिलटकरीण. तिच्या सासूने दिवस मोजले ते मोहफुलांवरून. "मोह गळाले लागला त्याच दिवशी बाहेरची होती, मंग नाई झाली." मी हसले. झाडावरून कुणी तारीख काढतं का? सासूच्या मते बाळंतपण पौष लागताच व्हायचं होतं. मला पोट लहान वाटलं — मी माघ लिहिला.

पौष सरत आला तेव्हा सायत्रा दवाखान्यात चालत आली. बाळ कमी हलतं, म्हणाली. आणि मी? अजून अवकाश आहे म्हणून तिला परत पाठवलं. आठ दिवसांनी मुलगा झाला — मेलेला. नखं वाढलेली, कातडी सुटलेली. बाळामागून पडलेली वार हातात घेतली तर खरखरीत, पांढऱ्या कणांनी भरलेली.

मला ते कण ठाऊक नव्हते का? होते. दिवस भरून उलटले की वार अशी होते, रक्तदाब वाढला तरी होते, हे आम्हाला शिकवलं होतं. तंबाखूनेही होते, हे पुढे कधीतरी ऐकलं. कधी तर धडधाकट बाळाच्या वारेवरही ते दिसतात. चुना मात्र यात कुठेच नव्हता.

सासूने विचारलं, "बाई, हे पांढरं काऊन हो?" माझी नजर सायत्राच्या उशाशी पडलेल्या चुन्याच्या डबीवर गेली. मी म्हणाले — पोटुशी असताना चुना खाल्ला, तोच जाऊन बसला.

गावभर झालं, सायत्राने लेकराला चुना चारला. नवरा सहा महिने बोलला नाही. ती पाण्याला एकटी जायची, मी खिडकीतून बघायची. बोलवावं, खरं सांगावं — रोज ठरवायची. नोकरीची भीती? नाही हो. त्या अडाणी म्हातारीचं बरोबर होतं, एवढंच तोंडातून निघत नव्हतं.

दोन वर्षांनी सायत्रा पुन्हा बाळंत झाली, माझ्याच हाताने. मुलगी. खणखणीत रडली. वारेवर तसेच कण होते — थोडे, पण होते. सायत्राने मान उचलली. "बाई, म्या एक खेपबी चुना तोंडात नाई घातला. आता साफ हाय ना?"

याहून सोपी वेळ कुठली मिळणार होती? वार नुसती तिच्यापुढे धरायची होती. मी ती फडक्यात गुंडाळली. म्हटलं, साफ आहे.

ती कशीबशी उठली आणि माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.