साडूची हाक

भूत, भास, संकेत... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. या ग्रुपवरचे अनुभव मी बायकोला वाचून दाखवायचो आणि आम्ही दोघं हसायचो. आता स्वतःच लिहायला बसलोय, तेव्हा तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही.

मी सुतार. हिंगोली–वाशिम रोडवर कनेरगाव नाक्याला माझं फर्निचरचं वर्कशॉप आहे – पुढं पत्र्याचं शेड, मागं घर, मधे एक दार. माझा साडू गजानन, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, तोही सुतार. त्याचं दुकान नरसीला, इथून मोटारसायकलवर तासाभराच्या वाटेवर. धंद्यात माझ्या कितीतरी मागून आला, पण सासरवाडीत नाव त्याचंच. सासरे रोज त्याच्या दुकानात खुर्ची टाकून बसतात. माझ्याकडे आले की उभ्यानंच पाणी पिऊन निघतात.

दिवाळीत सगळे आमच्याकडे जमले होते. गजाननने माझं टेबल सॉ, म्हणजे फळ्या चिरायचं मशीन, पाहिलं आणि सासऱ्यांसमोरच म्हणाला, "साडूभाऊ, पात्यावरचं गार्ड काहून काढलं? अन् पात्यामागची पट्टी बी न्हाई. चिरताना फळी पात्यावर आवळली तर उलटी अंगावर येईल."

"गार्डमुळं रेघ दिसत न्हाई," मी म्हणालो.

"दिसते की. जरा वाकावं लागतं."

सासरे हसले. ते हसणं माझ्या डोक्यातून गेलंच नाही. गार्डही बसवलं नाही.

उन्हाळ्यात एका दुपारी बायकोनं सांगितलं – सासऱ्यांच्या नव्या घराची दारं-खिडक्या गजाननला दिली. थोरला जावई मी, पण मला विचारलंसुद्धा नाही! ताट तसंच सारून मी शेडमधे आलो, मशीन चालू केलं आणि सागाची लांब फळी उभी चिरायला घेतली. डोक्यात गजानन. फळी आवळत होती, पातं कण्हत होतं, जळका वास सुटला होता... बटण बंद करायचं सोडून मी आणखी जोरानं रेटत होतो. तेही अगदी पात्याच्या रेषेत उभा राहून.

तेवढ्यात मागून हाक आली – "साडूभाऊ!"

मशीनच्या आवाजाच्याही वरताण, खणखणीत. मला असं म्हणणारा एकच माणूस आहे. आला मिरवायला, असं वाटून मी रागानं वळलो आणि एक पाऊल बाजूला झालो. त्याच क्षणी फळी उसळली, माझं पोट होतं तिथून सुसाट गेली आणि मागचा पत्रा फाडून त्यात अडकली.

शेडमधे कुणी नव्हतं. बाहेर रोडवरही नाही. मी बटण बंद केलं, तोच मधलं दार उघडून बायको आली. हातात पाण्याचा तांब्या.

"गजाननराव कुठं गेले? आत्ता तुमाला हाक मारली ना त्यांनी?"

मी लगेच गजाननला फोन लावला. तो नरसीला, दुकानातच. मागून सासऱ्यांचा आवाज आला, "सकाळपासून माझ्यासमोरच हाय की तो."

झालेलं सगळं सांगितलं. गजानन हळूच म्हणाला, "चालू मशीनवर मी कुणालाच हाक मारत न्हाई, साडूभाऊ. माणूस दचकतो. बटण बंद व्हायची वाट बघतो मी."

गार्ड आणि पट्टी मी त्याच संध्याकाळी बसवली. चूक मशीनची नव्हती, माझी होती – एवढं मला कळतं. पण ती हाक? मला भास झाला म्हणाल, तर मग दाराआड बायकोला काय ऐकू आलं?

सासरे आता येईल त्याला सांगतात, "थोरल्याला आमच्या गजानननं वाचवलं." झालं... हेही त्याच्याच नावावर गेलं. आणि मला नाही म्हणता येत नाही, कारण आवाज त्याचाच होता.

माझे वडीलही सुतार होते. रंधा धरायला मला त्यांनीच शिकवलं, आणि त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला हाक यायचीच होती, तर ती त्यांची का नाही आली?