डावीकडे वळणारा मेहुणा

जगात आजवर फक्त डावीकडे वळून कुणी नाव काढलं असेल, तर ते आमच्या मेहुण्याने. ऐंशीच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींची मुलं डॉक्टर होत होती, अगदीच नाइलाज झाला तर इंजिनियर. हिचा हा धाकटा भाऊ मात्र मातीच्या गोल ट्रॅकवर बिनब्रेकची मोटारसायकल तिरकी घसरवत फेऱ्या मारायचा आणि त्याला करिअर म्हणायचा. "अरे, ब्रेक का नाहीत?" असं मी एकदा न राहवून विचारलं. "भावोजी, असले की माणूस लावतो ना यार!"

वळताना डावा पाय जमिनीवर घासावा लागे, म्हणून त्या बुटाला पोलादी तळ असायचा. एकदा स्वारी प्रॅक्टिस आटोपून थेट मंडळाच्या गणपतीला आली आणि रीतीप्रमाणे बूट दाराबाहेर चपलांच्या रांगेत काढून ठेवले. आरतीनंतर एक काकू किंचाळल्या, "अगंबाई, हे लोखंड कुणाचं?" माझे सासरे, म्हणजे त्याचे सख्खे वडील, शांतपणे म्हणाले, "कुणी प्लंबर आला असेल." पोरगा शेजारीच प्रसादाचा द्रोण घेऊन उभा होता. त्या वाक्याची मला आजही चीड येते.

सासरे हाडांचे डॉक्टर. क्लिनिक ट्रॅकपासून दहा मिनिटांवर, पण मुलाची शर्यत त्यांनी एकदाही पाहिली नाही. पाहिले ते त्याचे एक्स-रे. तो पडल्याचा फोन गेला की मात्र पेशंट सोडून धावत यायचे आणि खांदा चाचपत विचारायचे, "इथं दुखतं? आणि इथं?" इतक्या मायेने ते एरवी कुणाशीच बोलत नसत. मेहुणा दर शर्यतीला पहिल्या वळणापाशी माझ्या शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी धरून ठेवायला लावी. वर्षानुवर्षं तिच्यावर माझं जॅकेट बसलं.

राज्याचं अजिंक्यपद जिंकलं त्या संध्याकाळी हेल्मेटही न काढता त्याने मला फोनकडे पिटाळलं. "बाबांना सांगा, क्विक!" माझा आवाज ऐकताच सासरे घाबरले. "पडला का?"

"नाही हो, जिंकला! चॅम्पियन झाला!"

"पडला नाही ना? मग फोन कशाला केलात?"

बाबा खूप खूश झाले, असं मी परत येऊन सांगितलं. मला खोटं बोलता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी प्रॅक्टिस करताना, माझ्याखेरीज आजूबाजूला चिटपाखरू नसताना, डोळे मिटून घेता येईल अशा त्या पहिल्याच वळणावर तो पडला. मांडीचं हाड मोडलं आणि करिअर तिथंच संपलं. मी फोन केला, आणि अँब्युलन्सच्या आधी सासरे पोचले. मातीत गुडघे टेकून "इथं दुखतं?" म्हणू लागले. पोरगा वेदनेने पांढराफटक पडला होता, पण हसत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "आले ना, भावोजी?"

आता तो विमा विकतो. सासरे मंडळात त्याला हाताला धरून फिरवतात, "हा आमचा चिरंजीव!" परवा तिघं त्याच्या गाडीतून चाललो होतो. डावं वळण आलं, आणि त्याचा डावा पाय आपसूक बाहेरच्या बाजूला सरकून दाराला टेकला. मागून सासरे म्हणाले, "सावकाश रे, ब्रेक लाव."

त्याने लावला.